पाठीवरचा हात

मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्याची स्वतःची गाडी म्हणे कायम अर्धी खोललेली असते. पण या मेकॅनिकने त्या दिवशी आपली जुनी गाडी अशी घासूनपुसून दारात उभी केली होती, की शेजाऱ्यांना वाटावं, नवीच घेतली. डोंगरापलीकडच्या तळ्यावर मुक्कामाला जायचं होतं. बरोबर मेव्हणा. तो शिंपी. तंबू त्यानेच शिवलेला, आणि त्याच्या मनात तो तळ्याकाठी केव्हाच उभा राहिला होता.

"दाजी, डोळ्याला डोळा नाही लागला बघा!"

"मग मागे बसून डुलक्या काढू नकोस, मास्तर. पडलास तर तुझी ताई मला घरात घ्यायची नाही."

ताई दारातच होती. आईच्या मागे या भावाला तिनेच वाढवलेलं. "थट्टा पुरे," ती म्हणाली. "जसा नेताय तसा आणून सोडा. एवढंच मागते."

आता या दोघांची एक रीत होती. हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मागच्याने हाताने सांगायचं. पाठीवर दोन थापा म्हणजे थांबा. पाठीवरून वरून खाली हात फिरवला, की चला. तो हात फिरल्याशिवाय मेकॅनिक गाडी हलवत नसे.

घाटापर्यंत नुसती मजा. शिंपी वळणावळणाला ओरडत होता, मेकॅनिक हॉर्न वाजवून उत्तर देत होता. मग भर दुपारी आभाळ काळं झालं आणि पाऊस असा कोसळला, की समोरचा रस्ता पुसून गेला. गाडी खोकली, आचके दिले, बंद पडली. बाजूला बंद पडलेल्या दगडखाणीची पत्र्याची शेड होती. तिथे ढकलत नेली.

"प्लगमध्ये पाणी," मेकॅनिक म्हणाला. खरं सांगायचं तर त्यालाही चेव आला होता. अशाच वेळी कारागिराचा कस लागतो ना! शेडमध्ये ओल्या दगडाचा आणि कसलासा जळका वास होता. पत्रा थडथडत होता. त्याने प्लग काढला, पुसला, फुंकला, बसवला. किक मारून मारून पाय भरून आला. आणि एकदम इंजिन धडधडलं!

आता बंद पडली तर संपलं. तो टांग टाकून बसला, ॲक्सिलरेटर पिळत राहिला. मागचे स्प्रिंग दबले. पाठीवरून हात फिरला, वरून खाली, सावकाश. चला.

सुटलाच तो.

उतारावर पाण्याचे फवारे उडवत, आनंदाने ओरडत निघाला. "मास्तर, आज तुझ्या तंबूतच झोपायचं रे!" आणि वळण घेतो न घेतो, तोच पाठीवर दोन थापा बसल्या. जोरात. त्याने करकचून ब्रेक दाबला.

पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर रस्ता नव्हता. पूल वाहून गेला होता. खाली लाल पाणी नुसतं गरगरत होतं.

"शाब्बास मास्तर! जीव वाचवलास रे!" म्हणत तो मागे वळला.

मागे कुणीच नव्हतं.

लांबून हाक आली, "दाजीऽऽ!" शिंपी पावसातून धावत येत होता. दोन्ही हातांत तंबूचं गाठोडं.

"मला टाकून चाललात? दोरी सुटली म्हणून मी गाठोडं बांधत होतो..."

"तूच तर पाठीवर हात फिरवलास."

"कुठल्या हाताने, दाजी?" शिंपी धापा टाकत म्हणाला. मग आवाज खाली आला. "मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी... मागे बसलेलं दिसलं. म्हटलं, पावसाने डोळ्यांना भास होतोय."

तळं राहिलं, तंबू गाठोड्यातच राहिला. गाडी वळवली. शिंपी मागे बसला आणि हेल्मेट चढवण्याआधी हळूच म्हणाला, "दाजी... जरा पुढे सरकता का? जागा होत नाहीये."

"मी टाकीला चिकटूनच बसलोय की..."

वाटेत कुणी मागे पाहिलं नाही.

दिवेलागणीला घर आलं. ताई धावत बाहेर आली, भावाला नखशिखांत न्याहाळलं आणि हसली. "आणलात बाई तसाच! चल आत, कपडे बदल."

शिंपी उतरला. गाठोडं घेऊन बहिणीमागे आत गेला. मेकॅनिकचाही जीव भांड्यात पडला. बायकोचा शब्द राखला होता. त्याने इंजिन बंद केलं आणि सवयीने मागच्या स्प्रिंगकडे नजर टाकली. ओझं उतरलं, की गाडी मागून वर येते.

ती वर आली नव्हती.

आणि तो उतरायला पाय उचलणार, तोच त्याच्या पाठीवरून हात फिरला. वरून खाली, सावकाश.