बॉक्स रूममधलं ट्रम्पेट

मी पॅथॉलॉजिस्ट होते. काचेखाली जे दिसतं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही माझी आयुष्यभराची सवय. हेही तसंच लिहितेय. वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसलेच असते.

जागा, लंडनच्या पिनर भागातलं आमचं घर. वेळ, गेल्या नोव्हेंबरमधला एक रविवार. इथे हिवाळ्यासाठी करतात तशी घड्याळं नुकतीच तासभर मागे गेली होती, त्यामुळे चहाच्या वेळेलाच बाहेर मिट्ट काळोख.

मे महिन्यात शेखर, माझा नवरा, गेला होता. घरात मी एकटी.

आणि वरच्या अडगळीच्या बॉक्स रूममधून...

ट्रम्पेट वाजलं.

थोडं मागचं सांगायला हवं.

शेखर भूलतज्ज्ञ होता. दिवसभर लोकांना झोपवायचा आणि घरी आला की ट्रम्पेट वाजवून शेजाऱ्यांची झोप उडवायचा. त्याला शिकवलं रुबेनकाकांनी. मुंबईचे बेने इस्रायली, उमेदीची वर्षं हॉटेलांच्या बँडमध्ये घालवून इथे मुलीकडे येऊन राहिलेले. मराठी अगदी अस्सल बोलायचे.

जुन्या फ्रेंच सिनेमांचं वेड त्यांनीच लावलं. त्यातल्या एका ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाची तर आमच्या घरात पारायणं झाली. एका बंदराच्या गावातली बाई, तिचा नवरा, नवऱ्याचा मित्र. बोलणं फारसं नाहीच. पण मधेमधे जॅझचं ट्रम्पेट येतं आणि अंगावर काटा येतो. ते संगीत आधी कुणी लिहिलंच नव्हतं म्हणे. वादकांना पडद्यावर सीन दाखवले आणि त्यांनी बघता बघता वाजवलं.

"कागद बघून वाजवशील तर नुसती बोटं वाजतील," रुबेनकाका शेखरला म्हणायचे. "चित्र बघून वाजव. म्हणजे तू वाजशील."

मग दर रविवारी आमचा हाच कार्यक्रम. सिनेमा लावायचा, आवाज बारीक करायचा, आणि शेखर त्यावर स्वतःचं ट्रम्पेट वाजवणार. दर वेळी वेगळं. पण नजर पडद्यावर. चित्र थांबवलं की याचा श्वासही तिथेच थांबायचा.

"त्या बाईच्या चेहऱ्यावर काही दिसतं का बघ," तो मला म्हणायचा. "काही नाही. पण ट्रम्पेट सगळं सांगून टाकतं. त्याला खोटं बोलता येत नाही गं."

देविकाही असायची कधी कधी. आम्ही तिघं पुण्याच्या मेडिकल कॉलेजच्या एकाच बॅचचे. ती दोन तासांवरच्या कॉव्हेंट्रीला एकटीच राहायची. आली की सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि ट्रम्पेटच्या ठेक्यावर कपावर अंगठी वाजवायची. टिक, टिक, टिक. माझे बोन चायनाचे कप! मी ओरडायचे, ती हसायची.

पुढे शेखरला वीकेंडला कॉव्हेंट्रीला काम मिळालं. "हॉटेलात कशाला राहतोस? देविका आहे की," हे मीच म्हणाले. तिच्यासाठी डबाही मीच भरून द्यायचे. रविवारी दुपारी तो परत यायचा. ट्रम्पेटची केस कायम गाडीत.

असो. नोव्हेंबरच्या त्या रविवारी मी पहिल्यांदाच तो सिनेमा एकटीने लावला. आवाज बारीक केला. सवयच ती.

सिनेमातल्या बाईने खिडकी उघडली...

आणि वर ट्रम्पेट सुरू झालं.

हातातला चहा सांडला. मी जिन्यावरून धावत वर गेले. दार उघडलं, तसा आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं.

कपाटावर केस होती, तशीच, धूळ बसलेली. उघडली. ट्रम्पेट होतं.

माउथपीस नव्हतं.

शेखर गेल्यावरच शोधलं होतं मी ते, सापडलं नव्हतं. त्याच्याशिवाय ट्रम्पेटमधून सूर निघत नाही, हे लहान पोरालाही कळतं.

खाली येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा वाजायला लागलं.

मी घाबरले असेन असं वाटतं ना तुम्हाला? नाही. मी रडले आणि मग चक्क हसले. माझा नवरा आला होता. माझ्यासाठी आला होता. पुढच्या रविवारी मी त्याची आवडती हिरवी साडी नेसून बसले.

तो आला. दर रविवारी यायला लागला. दर वेळी वेगळं वाजवायचा, म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, तोच. आठवडाभर मी त्या एका संध्याकाळवर जगायचे.

मग एका रविवारी सिया, आमची मुलगी, हॅरोहून आली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. सिनेमा सुरू झाला, वर ट्रम्पेट सुरू झालं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई... इज दॅट बाबा?"

"हो गं."

बराच वेळ ती माझा हात धरून ऐकत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण आई, हा तर जिन्याचा बिट आहे. ते पळतात ना, तो. आपल्या स्क्रीनवर तर ती बटाटे सोलतेय."

मी पडद्याकडे बघितलं.

बाई शांतपणे बटाटे सोलत होती. आणि वर ट्रम्पेट जिवाच्या आकांताने धावत होतं.

मी रिमोट उचलला. चित्र थांबवलं.

ट्रम्पेट थांबलं नाही.

"मेबी तो काही बघतच नाही," सिया हळूच म्हणाली. "जस्ट आठवून वाजवतोय."

असेल, मी म्हटलं. पण शेखरने आठवून कधीच वाजवलं नव्हतं. त्याला चित्र लागायचं. रात्रभर एकच प्रश्न मला टोचत राहिला.

माझं चित्र बघत नाही, तर हा बघतोय कुणाचं?

पुढच्या रविवारी मी सिनेमा लावलाच नाही. टीव्ही बंद. घर गप्प. लांबून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन गेली, तेवढाच आवाज.

आणि मग...

वर ट्रम्पेट सुरू झालं.

आता मात्र मी घाबरले. कुणाशी तरी बोलायला हवं होतं. आणि असलं बोलायला मला जगात एकच माणूस होतं. मी देविकाला फोन लावला.

"बोल गं सुप्रभा."

मी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

तिच्या आवाजामागे काहीतरी ऐकू येत होतं. दगडी जिन्यावर बाईच्या टाचा. टक, टक, टक. माझ्या डोक्यावर ट्रम्पेट एकेक पायरी चढत होतं.

फोनमध्ये बोटीचा भोंगा वाजला.

वर ट्रम्पेटचा सूर वाकला. त्या भोंग्याला शेखर नेहमी वाकवायचा तसाच.

"देविका," मी म्हटलं, "काय बघतेयस?"

फोनमधला सिनेमाचा आवाज थांबला. तिने पॉज केलं होतं.

वर ट्रम्पेट थांबलं. अर्ध्या श्वासात.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

"सुप्रभा, मी..."

"लाव!"

तिने लावलं. आणि वर ट्रम्पेट, जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

"तुला कसं कळलं?" ती म्हणाली. मेलीने नाकारलंसुद्धा नाही.

"वर शेखर वाजवतोय."

मग ती हमसाहमशी रडायला लागली.

"तुला ऐकू येतो? मी दर रविवारी लावून बसते गं, तो इथे असताना आम्ही लावायचो तसा. मला एक सूरही ऐकू येत नाही. माउथपीस माझ्याकडेच आहे, हातात धरून बसते. सुप्रभा... एकदाच... फोन वर नेऊन धरतेस का?"

मी फोन आपटला.

विश्वासाने मान ठेवावी आणि केसाने गळा कापावा, म्हणतात ते हे. जिवंत असताना फसवलं ते एक वेळ गिळलं असतं. म्हातारपणी गिळायची सवय होते. पण मेल्यावरसुद्धा? माझ्या घरात, माझ्या डोक्यावर वाजवायचं आणि नजर तिच्या पडद्यावर? मी हिरवी साडी नेसून बसत होते हो! संताप झाला माझा. ती साडी मी चॅरिटी शॉपमध्ये देऊन आले.

सियाला अजून खरं सांगितलेलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यानंतर मी सिनेमा कधी लावला नाही. वर मात्र दर रविवारी वाजत राहिलं. देविका लावत होती म्हणजे. आणि सांगायची लाज वाटते, पण मी जिन्यात बसून ऐकत होते. शिव्या घालत होते आणि ऐकत होते. दुसरं होतं काय माझ्याकडे?

आज फेब्रुवारीतला रविवार आहे.

आज चहाची वेळ झाली. टळली. अंधार पडला.

वर काही नाही...

अजून थोडी वाट बघितली. जिन्यात पाय गारठले. वर शांतता.

शेवटी मी हरले. फोन उचलला. काय बोलायचं ते ठरलं होतं. सगळं राहू दे, फक्त सिनेमा लाव.

रिंग वाजत राहिली.

कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. सियाला फोन करून सांगितलं, देविकामावशी एकटी असते, फोन घेत नाहीये, तिकडच्या पोलिसांना कळव. ती म्हणाली, कळवते. मी फोन खाली ठेवला, आणि तेवढ्यात...

वर ट्रम्पेट सुरू झालं.

मी कान देऊन ऐकलं. तो सिनेमा मला पाठ आहे. हे त्यातल्या कुठल्याच सीनचं नव्हतं. हळू, निवांत, कसलीच घाई नसल्यासारखं. शेखरने असं माझ्यासमोर कधीच वाजवलं नव्हतं.

आणि त्याच्याखाली, अगदी बारीक...

टिक... टिक... टिक...

कपावर अंगठी.

माझे कप सगळे खाली कपाटात आहेत. मी जाऊन बघून आले.

सियाचा अजून फोन नाही. हे लिहितेय तेव्हाही वर वाजतंय. मागे दार उघडलं तेव्हा आवाज थांबला होता, आजही थांबेल कदाचित. जाऊन उघडायला हवं, कळतंय मला. घर माझं आहे, खोली माझी आहे.

पण उघडलं, आणि थांबलाच नाही तर? दोघांनी मान वळवून, ही कशाला आली मध्येच, असं माझ्याकडे बघितलं तर?

वही घेऊन वर आलेय, दाराबाहेर उभी आहे. टकटक करू का, तेवढंच ठरत नाहीये.