दोघांपुरती जागा

आप्पांनी घरात कॅमेरा लावू दिला नाही, म्हणून ठकीला प्लगिन लिहावं लागलं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. आई गेल्यापासून दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर एकटेच राहत होते. मागच्या महिन्यात ते न्हाणीघरात घसरले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. कुणाला पत्ताच नाही. त्या वेळी ठकी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या वाजवत होती, आणि ही गोष्ट काही केल्या तिच्या मनातून जात नव्हती. कॅमेऱ्याचं नाव काढताच आप्पा उखडले. "मी काय चोर आहे?" झालं, विषय संपला.

पण दोघांचा एक नेम होता. दुपारी चारला आप्पा आपल्या घरून एका खेळात शिरायचे, आणि ठकी कामातून सुटेल तेव्हा तिच्या घरून. ठोकळे रचून घरं बांधायचा खेळ. त्याचा सर्व्हर, म्हणजे ते सगळं जग ज्याच्यावर चालायचं तो जुना कॉम्प्युटर, ठकीच्या घरी चपलांच्या कपाटावर घरघरत असायचा. त्या जगात आप्पांनी तळ्याकाठी तीन मजली घर उठवलं होतं आणि त्यात सवयीने लिफ्टची जागाही सोडली होती. लिफ्ट तिथे चालायची नाही, पण आप्पांना कोण सांगणार?

ठकीचं प्लगिन, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, होतं जेमतेम चाळीस ओळींचं. कुणी आत आलं की सर्व्हरने तिच्या फोनवर निरोप धाडायचा: 'आप्पा आले.' चार वाजून दहा मिनिटांपर्यंत निरोप आला नाही, तर तिने आप्पांच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना फोन करायचा. त्यांच्याकडे आप्पांच्या घराची किल्ली असे. पहिल्या दिवशी चारच्या ठोक्याला फोन वाजला आणि ठकीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी तो दोनदा वाजला. चारला आठ मिनिटं कमी असताना 'आप्पा आले', आणि बरोबर चारला पुन्हा 'आप्पा आले'.

असं झालं की प्रोग्रामर मंडळी जे करतात तेच तिने केलं. एकच घटना दोनदा नोंदली गेली असणार, असं धरून चालली. एक निरोप गेल्यावर अर्ध्या तासात त्याच नावाचा दुसरा आला तर तो गिळून टाकायचा, अशी ओळ तिने घातली. दोन मिनिटांचं काम. का झालं, हे पाहायला तिला सवड नव्हती.

त्यानंतर निरोप एकदाच येऊ लागला. रोज, चारला आठ कमी असताना. आप्पा हल्ली लवकर यायला लागले म्हणून ती सुखावली.

त्या आठवड्यात ती एकदा कामातून लवकर सुटली आणि पावणेचारलाच खेळात शिरून बसली. थोड्या वेळाने आप्पांची आकृती उगवली. तोच निळा सदरा, तीच टोपी. ती घराला वळसा घालून मागे गेली आणि खोदू लागली. ठकीने लिहिलं, 'आज काय बेत?' उत्तर नाही. ठकी जवळ गेली. आकृतीने खोदणं थांबवलं, पण वळून पाहिलं नाही. तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं आणि ठकी बाहेर पडली.

संध्याकाळी तिने फोन केला.

"आप्पा, मागे कसला खड्डा खणत होता?"

"खड्डा? मी गच्चीवर होतो. कठडा लावत होतो."

"मी लिहिलं तर उत्तरसुद्धा दिलं नाहीत."

"मला काही दिसलं नाही बाई." मग म्हणाले, "ठके, तो दुसरा कोण गं? माझेच कपडे घालून हिंडतो. मला वाटलं, तूच ठेवलायस मदतीला. कामाचा दिसत नाही. नुसता लिफ्टच्या जागेत उभा असतो."

ठकी हसली. फोन ठेवून तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. एकाच नावाची दोन माणसं एका वेळी आत राहूच शकत नाहीत; दुसरं आलं की सर्व्हर पहिल्याला बाहेर काढतो. इथे दोघंही तासतासभर आत होते. आणि दोघंही आप्पांच्या घरातल्या जोडणीवरूनच आलेले.

त्या घरात कॉम्प्युटर एकच होता.

दुसऱ्या दिवशी तिने आडून आडून विचारलं, "घरी कुणी येतं का हो?"

"कोण येणार? तुझा तो अजून हिंडतोय का? अगं, सोपं आहे. लिफ्टमध्ये दोघांची जागा असली तर तिसऱ्याला चढू द्यायचं नाही. लोक कुरकुरतात, पण ऐकायचं नाही."

ठकीला हे पटलं. तिने सर्व्हर बंद केला, आत राहू शकणाऱ्या माणसांची संख्या दोनवर आणली आणि पुन्हा सुरू केला. एक आप्पा, एक ती.

शनिवारी ती साडेतीनलाच खेळात जाऊन तळ्याकाठी उभी राहिली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. चारला आठ कमी असताना फोन वाजला. 'आप्पा आले.'

निळा सदरा दारात उभा होता, तिच्याकडे तोंड करून.

चारला पुन्हा फोन वाजला. या वेळी खरोखर आप्पा बोलत होते.

"ठके, अगं मला आत घेत नाही. जागा भरली म्हणतो."

"थांबा आप्पा. फोन ठेवू नका. मी त्याला काढते."

"काढ, काढ. तोवर मी चहा घेतो. गार होत चाल—"

तिने हुकूम लिहिला: आप्पा, बाहेर. बटण दाबलं.

आप्पांचं वाक्य तिथेच तुटलं. फोन चालूच होता, वरचे सेकंद पुढे सरकत होते. त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा खडखडाटही थांबला होता.

"आप्पा?"

पडद्यावर निळा सदरा जागचा हलला नव्हता.

तिने फोन तोडला आणि काकूंना लावला. काकू सुई टोचून ठेवून तशाच धावल्या. किल्ली फिरली. दार उघडल्याचा आवाज आला.

"अगं, आहेत की! खुर्चीतच बसलेत. केवढी घाबरवलीस मला."

"बोलतायत का?"

"नाही बाई. समोर बघतायत नुसते. चहा तसाच आहे. आप्पा, अहो आप्पा, लेकीचा फोन आहे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग आप्पांचा आवाज आला. अगदी आप्पांचाच.

"आलोय मी."

पुढे काही नाही. श्वासही ऐकू येईना.

तिने नोंदी पाहिल्या. खाली नव्या ओळी येत होत्या. *आप्पा: आत येण्याचा प्रयत्न. जागा नाही.* पाच सेकंदांनी पुन्हा. पाच सेकंदांनी पुन्हा. जोडणी कुठून, या रकान्यात काहीच नव्हतं.

दोन जागांच्या तीन करायला सर्व्हर एकदा बंद करावा लागणार होता. बंद केल्यावर, जो बाहेर ताटकळतोय त्याचं काय होतं, आणि परत सुरू झाल्यावर आधी आत कोण येतं, हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"बरे आहेत गं," काकू फोनवर सांगत होत्या. "हसतायतसुद्धा."

*आप्पा: आत येण्याचा प्रयत्न. जागा नाही.*

ती दोन ओळींमधलं अंतर मोजत बसली. बारा सेकंद.

मग वीस.

मग पंचेचाळीस.