डाव्या कानाची टोपी

भुताखेतांवर विश्वास ठेवा, असं मी कुणालाच सांगत नाही. पण हे घडलेलं आहे. कानाच्या डॉक्टरांचे कागद घरात आहेत. आणि सगळ्यात वाईट प्रकार झाला तो भर दुपारी, मंगळवारी, माझ्या ताईच्या डोळ्यांदेखत. स्वच्छ ऊन होतं. खिडक्या सताड उघड्या होत्या.

गोष्ट ताईच्या मुलीची. तिला सगळे बारकी म्हणतात. हाडापेराने बारीक, नाक बारीक, कान तर बाहुलीला लावावेत एवढेसे.

बारकीला एका कचेरीत नोकरी लागली. दुसरा मजला, लांबट खोली, आठ टेबलं. डॉक्टर लोक रोगी तपासून झाला की त्याची माहिती यंत्रात बोलून ठेवतात. ती कानात ऐकायची आणि टाइप करायची, एवढंच काम. तीन महिने कच्ची नोकरी, जमलं तर कायम.

आणि तिथेच घोडं अडलं.

इयरफोनच्या टोकाला मऊ सिलिकॉनची टोपी असते. कानात बसते ती तीच. कचेरीतल्या सगळ्या टोप्या बारकीच्या कानाला मोठ्या. मान हलवली की टपकन बाहेर. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून दोन वाक्यं गळली.

साहेब चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाळ, आपण इथे कानाचीच भाकरी खातो. कान नीट नसेल तर दुसरं काम बघ."

बारकी रडवेली होऊन टेबलाशी आली. खण उघडला. आत मागच्या कोपऱ्यात एक छोटी डबी होती. डबीत दोन टोप्या. अगदी लहान मापाच्या.

शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी ते पाहिलं. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या, तोंडाने फटकळ, मनाने मऊ.

"ठेव ते खाली," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाईंच्या आहेत त्या."

मोठ्या बाई म्हणजे बारकीच्या आधी त्या टेबलावर बसायच्या त्या. चार महिन्यांपूर्वी वारल्या होत्या.

"मावशी, पण माझ्या मापाच्या आहेत."

"मापाचं काय सांगतेस? दुसऱ्याचा टूथब्रश घालशील तोंडात?"

"रबर तर आहे. धुतलं की झालं."

मावशींनी खुर्ची वीतभर पलीकडे सरकवली.

आता टोपी धुवायची कशी, ते बारकीला ठाऊक होतं. टोपी हलकेच ओढून काढायची. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून त्यात भिजत ठेवायची. मग कापसाची काडी आतून फिरवायची, पुसायची आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत लावायची नाही.

तिने सगळं नीट केलं.

पहिल्यांदा काडी फिरवली, तेव्हा ती तपकिरी झाली. दुसऱ्यांदा काळपट. मळ चिकट होता, जुन्या मलमासारखा. तिसऱ्यांदा काडीला काहीतरी अडकलं...

केस होता. पांढरा.

तिने चिमटीत धरून ओढला. तो येतच राहिला. नखाएवढ्या टोपीतून हातभर केस निघाला, ओला, मळाने माखलेला. बारकी टोप्या फेकायलाच निघाली. पण साहेबांचं बोलणं आठवलं आणि तिने दात आवळून पाणी बदललं.

पाचव्या पाण्यात टोप्या लखलखीत झाल्या.

आणि काय सांगू, कानात अशा बसल्या, जणू तिच्यासाठीच ओतल्या होत्या. तिला डॉक्टरांचा श्वास ऐकू यायला लागला. त्यांची खुर्ची करकरलेली ऐकू यायची. आठवडाभरात एक चूक नाही. साहेबांनी येता जाता मान डोलावली.

मग एका सकाळी तिने खण उघडला.

डावी टोपी भरलेली होती.

आदल्या दिवशी तिने स्वतः धुतली होती. खणाला कुलूप होतं. तरी आत काठोकाठ मळ, ओला, पिवळट. जुन्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा वास. वर कोंड्यासारखी बारीक सालपटं.

"माझाच कान घाण असेल," ती स्वतःला म्हणाली. धुतली. पुसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. उजवी कोरडी ठणठणीत, डावी भरलेली.

चौथ्या दिवशी मळात लाल रेघ होती.

त्याच दिवशी, एक ध्वनिफीत संपून दुसरी सुरू व्हायची होती. कानात शांतता होती...

घस्... घस्...

कुणीतरी भांड्याच्या तळाशी लागलेलं हळूहळू खरवडावं, तसं.

तिने इयरफोन काढला.

आवाज थांबला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पडद्यावर चित्र दाखवलं.

"कशाने कोरतेस?"

"मी नाही कोरत."

"खोटं बोलू नकोस. कानात थोडा मळ लागतो, तो राखणदार असतो. तुझ्या उजव्या कानात आहे तो. डाव्यात एक कण नाही. कातडी सोलून निघालीये."

बारकीने पडद्याकडे पाहिलं. लालभडक नळकांड्यात बारीक ओरखडे होते. वेडेवाकडे नाहीत. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, शेत नांगरावं तसे.

"हात मात्र सराईत आहे तुझा," डॉक्टर म्हणाले. "पण आता कानाचा पडदा जवळ आलाय. आणखी कोरलंस तर फाटेल."

ती तशीच कचेरीत गेली. टोप्या कात्रीने कापल्या, कागदात गुंडाळल्या आणि खाली रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकल्या. वर येऊन मावशींना म्हणाली, "बाईंचं काय होतं ते सांगा."

मावशींनी हातातलं काम ठेवलं.

"बाईंचं मन वाईट नव्हतं गं. दर शुक्रवारी चहा झाला की सगळ्यांच्या टोप्या गोळा करायच्या. वाटीत घालून केसाच्या आकड्याने साफ करत बसायच्या. आम्ही हसायचो, आयती मोलकरीण मिळाली म्हणून. मग हळूहळू टोप्यांवर भागेना. म्हणायच्या, मळ टोपीत नसतो, कानात असतो. दाखव बघू कान."

"आणि तुम्ही दाखवायचात?"

"मी एकदाच दिला. दोन दिवस कापूस घालून फिरले. शेवटी त्यांचाच कान सडला. पू झाला, तो डोक्यात चढला. दवाखान्यात भेटायला गेले, तर नर्सचा कान धरायला हात पुढे करत होत्या."

बारकीने रजा घेतली. डॉक्टरांनी कानात औषधाचा बोळा घातला होता. ताईला त्यांनी बजावलं, "झोपेत हात जात असेल. लक्ष ठेवा."

मंगळवारी दुपारी बारकीचा डोळा लागला. ताईने तिचे दोन्ही हात ओढणीने सैलसर बांधले आणि उशाशी खुर्ची टाकून बसली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

जरा वेळाने ताईला वाटलं, बोळा हलला.

ती पुढे वाकली.

बोळा फिरत होता. हळू, बाटलीचं बूच फिरवावं तसा. मग तो बाहेर आला आणि उशीवर पडला. टोकाला गुलाबी ओल होती.

ताई म्हणते, "मला वाटलं, पोरीने मान हलवली असेल. हात तर बांधलेले होते."

मग बारकीचा कान वर ओढला गेला...

आत नीट दिसावं म्हणून कुणीतरी दोन बोटांत पाळी धरून ओढावी, तसा. कातडी ताणली. पांढरी पडली. दोन बोटांचे दोन खळगे उमटले. बोटं कुठेच नव्हती.

आणि घस्... घस्...

ताईने झडप घातली. कानावर तळवा दाबून धरला. तिला वाटलं, आता ते थांबेल.

तळव्याखाली काहीतरी थंड, बारीक, टोकदार होतं. ते थांबलं नाही. तळव्याला घासत, घाई न करता, ते आपलं काम करत राहिलं.

मग बारकी किंचाळली आणि तळवा ओला झाला.

पडदा गेला. डाव्या कानाने बारकीला आता काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'स्वतःहून केलेली इजा.' ताईने हात बांधले होते ते सांगितलं, ओढणी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेच लिहिलं.

साहेब भले निघाले. म्हणाले, "एका कानाने जमेल तेवढं कर." टोप्यांचा नाद नको म्हणून ताईने तिला वरून बसणारा मोठा हेडफोन घेऊन दिला. बारकी जिद्दीची. महिनाभर एका कानावर काम केलं. गेल्या सोमवारी नोकरी कायम झाली. पेढे घेऊन स्वतः माझ्याकडे आली. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो, म्हणजे तिला नीट ऐकू यावं.

"मामा," ती म्हणाली, "आता फार छान ऐकू येतं. पलीकडच्या टेबलावरची मावशींची बांगडीसुद्धा ऐकू येते."

मी पेढा तोंडात घातला होता. तो तसाच राहिला.

"या कानाने?" मी विचारलं.

"हो. याच. परवापासून."

मी तिला उजेडाकडे वळवलं आणि विजेरी लावून पाहिलं. मी काही डॉक्टर नाही. पण त्या उजव्या कानात मळाचा पातळ थर होता, डॉक्टर म्हणाले होते तो राखणदार, आणि त्या थरात एक पट्टा स्वच्छ होता. सरळ. केसाच्या आकड्याएवढा रुंद.

बारकीने विचारलं, "काय दिसतंय?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही.