हाताआधी आलेला ठोका

खोटं बोलून काही मिळवावं, असं माझ्या वयाला आता काही उरलेलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हे घडलं, आणि भर दुपारी घडलं.

जागा म्हणजे तिच्या दिराचा स्टुडिओ. तळघरातला. खिडकी नाही. दार लावलं की बाहेरचं जग बंद. मध्ये जाड काच. एका बाजूला वाजवणारा, दुसऱ्या बाजूला रेकॉर्डिंग करणारा.

अशाच एका काचेच्या दोन बाजूंना धाकटीचं लग्न जमलं होतं. ती रेकॉर्डिंग करायची, तो ड्रम वाजवायचा. त्या काळी सगळे वादक एका खोलीत बसायचे. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तरी हसत-खिदळत काम व्हायचं. माझा मेहुणा घरी उशीवर सराव करायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. एकदा महिनाभर माझ्याकडे राहिला, तर माझ्या साऱ्या उशांचा भुगा करून गेला.

मग एक दिवस त्याच्या धाकट्या भावानं त्याला बोलावलं. म्हणाला, "दादा, जरा एकेक ठोका वाजव. हळू, जोरात, मधला. मशीन तपासायचंय."

दादानं दिवसभर वाजवलं.

मशीन तपासून झालं. दादाला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्याचे ठोके कॉम्प्युटरमध्ये शिरले होते. आता माणूस कशाला हवा?

त्यानंतर त्यानं उशीलाही हात लावला नाही. मनानं खचला, आणि गेला. धाकटीनं दिराशी बोलणं टाकलं.

आणि बऱ्याच वर्षांनी, त्या दिवशी सकाळी, दिराचा फोन आला.

"वहिनी, नवीन ड्रम-पॅड घेतलंय. सॉफ्टवेअरशी काही केल्या जुळत नाही. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"एवढी माणसं पोसलीत ना? त्यांना सांगा."

"बाहेरच्यांकडून करून घेण्यासारखं नाही हो हे." त्यानं आवाज खाली आणला. दादाचे साठवलेले ठोके वापरून तो स्वतः एक तुकडा वाजवणार होता, आणि सांगणार होता की हे दादाचं शेवटचं रेकॉर्डिंग. मोठ्या कार्यक्रमात. दादाच्या फोटोसमोर.

धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. ती फोन आपटणार, एवढ्यात तो म्हणाला, "त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग तुम्हाला देतो. ठोक्यांच्या मधे दादा बोललाय. हसलाय."

तिच्याकडे नवऱ्याचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. जन्मभर जगाचे आवाज टिपले, घरचा टिपायचा राहिला.

ती गेली. दातओठ खात गेली.

पॅड म्हणजे एक चपटी पेटी, तिच्यावर रबरी चौकोन. चौकोनावर बोट मारलं की कॉम्प्युटरमधला ठोका वाजतो. कुठल्या चौकोनाला कुठला ठोका, ते सॉफ्टवेअरमध्ये नेमून द्यावं लागतं. दीर वरच्या मजल्यावर गेला. धाकटी एकटीच कामाला बसली.

आधी पॅड मुकंच होतं. केबल बदलली, तर एका चौकोनावर मारावं आणि भलताच ड्रम वाजावा. तिनं एकेक ठोका जागेवर बसवला. प्रत्येक ओळखीचा. प्रत्येकागणिक ती दिराच्या नावानं बोटं मोडत होती.

शेवटी एकच दोष राहिला. बोट पडायचं, आणि ठोका किंचित मागून यायचा. नव्या जोडणीत असं होतं. सॉफ्टवेअरमधला एक आकडा कमी करत गेलं की अंतर मिटतं.

तिनं तो कमी केला. ठोका जवळ आला.

आणखी कमी केला. बोट आणि ठोका एकदम.

शेवटचं एकदा तपासावं म्हणून तिनं बोट उचललं...

ठोका वाजला.

बोट अजून हवेतच होतं.

"मेलं हे मशीन!" तिनं पुन्हा बोट उचललं. या वेळी मुद्दाम खाली आणलंच नाही...

धप्.

बेस ड्रम. थेट छातीत बसणारा.

तिनं पडद्याकडे पाहिलं. आवाज झाला की तिथली हिरवी पट्टी उसळते. पट्टी निपचित पडली होती. मग तिच्या लक्षात आलं, एसीची घरघरही बंद आहे. खोलीत कसलाच आवाज नाही...

तिनं पॅडची केबल उपटली.

धप्.

तेवढ्यात दार उघडून दीर आत आला. "झालं का वहिनी?"

"भाऊजी, त्याला हात लावू..."

"अहो, तुम्ही जोडलंत म्हणजे प्रश्नच मिटला!" पॅड उचलून तो काचेपलीकडे गेलासुद्धा. केबलकडे त्यानं पाहिलंही नाही.

तो बसला. पहिला ठोका त्याच्या बोटाआधी आला.

"वा! फारच चपळ झालंय की!"

तो वाजवू लागला. ठोके पुढे, बोटं मागे. त्यांना गाठायला त्यानं वेग वाढवला.

ठोक्यांनीही वाढवला.

आता तो हसत नव्हता.

"वहिनी, बंद करा."

"मी कुठे काय वाजवतेय?"

"हात थांबत नाहीयेत हो! बंद करा!"

बोटं फुटली. रबर लाल झालं. धाकटी सांगते, त्यात ताल नव्हताच. एखाद्यानं एखाद्याला धरून बडवावं, तसं ते होतं.

आणि तिला बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं. तिनं काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं.

"कुणाचं शेवटचं रेकॉर्डिंग, सांग!" जन्मात पहिल्यांदा तिनं दिराला अरे-तुरे केलं. "कुणाचं आहे हे? बोल ना आता!"

"माझं! माझं आहे! नाही लावत दादाचं नाव! पाया पडतो, वहिनी..."

ठोके थांबले नाहीत.

वाढले.

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. मान एका बाजूला कलली. हात मात्र चालूच. धाकटीला कळून चुकलं, हे बोटांवर भागणार नाही.

तिनं पुन्हा बटण दाबलं.

"अहो, पुरे! मरेल तो! तुमचाच भाऊ आहे. सोडा त्याला!"

शांतता...

मग एसी घरघरू लागला.

कार्यक्रम रद्द झाला. दिरानं त्याच दुपारी कपाटाकडे हनुवटीनं खूण केली. हातांना टॉवेल गुंडाळले होते. धाकटीनं मूळ रेकॉर्डिंग घेतलं आणि तडक माझ्याकडे आली.

आम्ही दोघी ऐकायला बसलो.

एक ठोका. शांतता. दुसरा ठोका. शांतता.

दिवसभराचं ते रेकॉर्डिंग आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. एक शब्द नाही. हसू नाही. साधं खाकरणंसुद्धा नाही.

तिनं दिराला फोन लावून फैलावर घेतलं. तो मुलांच्या शपथा घेऊन सांगत होता, कालच ऐकलं होतं, दादा बोलत होता, मी काहीही कापलेलं नाही. तिचा विश्वास बसला नाही. माझा बसला. नंतर मी त्याचे हात पाहिलेत.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता ही रडणार. पण ती भडकलीच.

"रुसलेत! भावाला सोडवलं म्हणून माझ्यावर रुसलेत! माझ्यासाठी कधी आले का? आले ते त्याला मारायला. आणि जाताना आवाज घेऊन गेले!"

"अगं, असं बोलू नये गं..."

"का बोलू नये? जिवंतपणी तरी काय वेगळं होतं? राग आला की अबोला!"

ते खरं आहे. मेहुण्याचा अबोला मी पाहिलाय. ओठ शिवल्यासारखा राहायचा. कितीही मनधरणी करा, ढिम्म. आणि मग आठवडाभरानं, काही झालंच नाही अशा थाटात, मागून येऊन एकदम बोलायला लागायचा...

धाकटी सध्या माझ्याकडेच राहते. मी तिला एकटीला सोडत नाही.

आठवडा होत आलाय.