पलीकडची मूठ

हे खरं घडलंय. रात्री-बिरात्री नाही, सकाळी अकराला. क्लुज शहरातल्या एका इस्पितळात, सहा माणसांच्या देखत.

विओआरा आजी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाग्या होत्या. या शस्त्रक्रियेत जागंच ठेवतात. मेंदूत केसाएवढी तार उतरवतात, आणि तिथल्या पेशींचा आवाज स्पीकरवर येतो... बिघडलेल्या रेडिओसारखी खरखर.

संशोधन करणारी इलिंका तो आवाज टिपत होती. हात हलला की मेंदूतलं कुठलं जाळं जागं होतं, हा तिचा अभ्यास. तक्त्यात दोन रकाने. हात रुग्णाने हलवला, की दुसऱ्याने धरून हलवला. दुसऱ्याने असेल, तर पुढे त्याचं नाव.

आजींचा उजवा हात थरथरायचा. चमचा तोंडापर्यंत पोचत नव्हता. हे थांबलं नाही, तर लेक घराला कुलूप लावून त्यांना इटलीला नेणार होती.

"आजी, मूठ उघडा, मिटा."

"हे काय गं पोरी, तान्ह्या बाळाचे खेळ! कामाचं काहीतरी सांग."

"बरं, घरी काय करायचात?"

"लाकडं कापायचे."

आजींनी हवेतच करवत ओढली.

खर्रर्र...

"थांबू नका, आजी."

"थांबायलाच हवं. दोन मुठींची करवत ती. आता तोआदेरची पाळी."

"नवरोबा आळशी दिसतात," डॉ. पिंतिलिए हसले. "ओरडा की त्यांच्यावर!"

"चार हिवाळे झाले जाऊन. आता काय ओरडू?"



आणि आजींचा हात पुढे गेला... सावकाश.

खर्रर्र...

इलिंकाने पडद्याकडे पाहिलं. दंडाच्या स्नायूंची रेघ सपाट होती. आजींनी हात हलवलाच नव्हता.

दुसऱ्याने धरून हलवला की असंच दिसतं.

हात कुणीच धरला नव्हता.

आजी ओढायच्या. थांबायच्या. हात आपसूक पुढे जायचा...

नऊ वेळा.

मग डॉक्टरांनी तारेत करंट सुरू केला. थरथर गेली. हात चादरीवर पडून राहिला, निजलेल्या लेकरासारखा.

"बघा आजी! आता सूपचा थेंब सांडायचा नाही."

आजी हाताकडे बघत होत्या.

"पलीकडून सोडली..."

"काय?"

"मूठ." त्या रडल्या नाहीत. "राहू दे चालू. मला घरी जायचंय."

तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. तारेला करंट देणारं यंत्र छातीत बसवलेलं, त्याची नोंद इलिंकाने वाचली. रोज सकाळी अर्धा तास बंद.

"आजी, रिमोटने बंद करता हे? मग हात थरथरत असेल."

"थरथरतो ना. पण थंडी आहे, लाकडं नकोत?"

"मग कापून कोण देतं?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं. हिला एवढंही कळू नये, असं.

"एकटीने ओढता येते होय ती करवत?"

इलिंकाने त्यांचा तळवा उलटून पाहिला. घट्टे ताजे होते.

त्या संध्याकाळी तिने जुना तक्ता काढला. नऊ ओळींवर 'दुसऱ्याने' अशी खूण केली. पुढचा नावाचा रकाना अजून कोरा आहे.

नाव तिला ठाऊक आहे.

लिहायला हात उचलवत नाही...