घरचा खरवस

“म्हशीचं दूध डेअरीत तुझ्या नावानं घाल,” लग्नानंतरच्या पहिल्याच पाडव्याला सासूबाईंनी मला बजावलं होतं. मी बी.कॉम. झालेली. हसून म्हटलं, “आत्ती, नाव कुणाचं का असंना, घर एकच की.” त्या शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेल्या.

ॲडव्होकेट अंजना मगदूम यांच्या टेबलासमोर बसले होते तेव्हा मला हे आठवलं. डेअरीतलं खातं विश्वजितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर होतं, आणि आता त्यानं घटस्फोटाबरोबर आमच्या ऋतुराजचाही ताबा मागितला होता. ऋतुराज सहा वर्षांचा. माझ्याजवळ, राजारामपुरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. अर्जात लिहिलं होतं, आईला उत्पन्न नाही, स्वतःचं असं काही नाही.

“काही नाही कसं? हरणी आहे,” मी म्हटलं. “माझ्या आण्णांनी आंदण दिलेली म्हैस. गाभण आहे, गणपतीच्या आसपास विणार.”

अंजनाताईंनी विश्वजितचं प्रतिज्ञापत्र माझ्यापुढं सरकवलं. हरणी जूनमध्ये तापानं मेली, असं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंजनाताईंनी ते ओसरू दिलं. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय.

“संयोगिता, आईकडं पैसा कमी म्हणून कोर्ट मूल काढून घेत नाही,” त्या म्हणाल्या. “पण शपथेवर एक खोटं बोलणारा माणूस मुलाबद्दलही खोटं बोलत असेल, हे कोर्टाला कळतं. म्हैस मेली असेल तर विषय संपला. जिवंत असेल तर ती कुठं आहे, ते आपण शोधू.”

मला शोधायची गरज वाटत नव्हती. नणंद स्नेहल शिरोळला दिली आहे आणि तिनं नुकताच नव्या म्हशीचा फोटो स्टेटसला टाकला होता; ती हरणीच असणार. अंजनाताईंनी तिथंच स्पीकरवर फोन लावला.

स्नेहल पहिल्यापासून तोंडाची फटकळ. “वकीलबाई, आमची म्हैस जाफराबादी हाय, येऊन बगा. शिंगंच सांगतील. आन जूनमधी कोण म्हस शिरोळला धाडंल? पाणी चढलं की आमचीच जनावरं आमी भाईर काढतो.” मग आवाज जरा उतरला. “आईला इचारा की. पर तिचा फोन लागंल तवा. सारकी म्हायेरला असती, तिकडं रेंज न्हाई.”

फोन ठेवून अंजनाताईंनी चष्मा पुसला. मी म्हटलं, खोटं बोलतेय. त्या म्हणाल्या, पुराची गोष्ट तरी खरी आहे.

मालमत्तेची पाहणी करायला कोर्टानं कमिशनर नेमला. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. गगनबावड्याच्या रस्त्यावर नदीकाठी आमचं गाव. आमचं म्हणजे त्यांचं. अजून जिभेवरून जात नाही.

विश्वजित पांढरे कपडे घालून तयारच होता. कमिशनरांना गोठा दाखवताना तो आपल्याकडं कसं काहीच नाही तेच सांगत राहिला. “एक भाकड हाय. दुसरी पाच महिन्यांमागं याली, आता आटाय लागल्या. वाटणी करणार कशाची?”

“आणि हरणी?” अंजनाताईंनी विचारलं.

“त्या उसात पुरली,” त्यानं मागं बोट दाखवलं. “ह्यो बगा बिल्ला. आईनंच काढून ठेवला व्हता.”

कानातला पिवळा बिल्ला अंजनाताईंनी उजेडात धरला. मागची खुंटी अगदी कडेनं कापलेली, प्लॅस्टिकला एक ओरखडाही नाही. त्यांनी तो परत दिला आणि उसाकडं पाहत राहिल्या. माणूस बुडेल एवढा वाढलेला, सरळ सऱ्यांचा ऊस.

“झकास आलाय. लागण कधीची?”

“गेल्या जुलैची,” विश्वजित अभिमानानं म्हणाला. “आडसाली, दीड वर्साचं पीक. गावात असा ऊस न्हाई.”

मी तेवढ्यात घरात गेले. आत्ती चुलीपाशी होत्या, खंगलेल्या. सासरे गेल्यावरही हातातल्या सोन्याच्या पाटल्या त्यांनी कधी उतरवल्या नव्हत्या. आज मनगटं मोकळी होती. मी विचारलं तर म्हणाल्या, हात सुजत्यात. मला वाटलं, विश्वजितनं घेतल्या असणार. अंजनाताई माझ्यामागं येऊन उंबऱ्याशी थांबल्या होत्या आणि दाराजवळच्या आत्तींच्या चपला बघत होत्या. तळांना तांबडी माती वाळली होती. अंगणातला चिखल काळाभोर.

निघताना आत्तींनी पदराखालून एक भला मोठा पितळी डबा माझ्या हातात दिला.

“ऋतूला खरवस दे.”

“कुणाची म्हैस व्याली, आत्ती?”

“खा म्हणावं पोराला. घरचाच हाय,” त्या पटकन म्हणाल्या आणि लगेच वळल्या.

परतताना गाडीत मी झाकण उघडलं. वेलदोड्याचा वास सुटला. थोडा कापून अंजनाताईंपुढं धरला.

त्यांनी हात मागं घेतला. “आम्हा जैनांत चीक चालत नाही. म्हैस व्याल्यावर पंधरा दिवस तिचं दूधसुद्धा घरात घेत नाहीत. आमची आजी अजून...”

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. मला म्हणाल्या, “झाकण लाव. आत्तींचं माहेर कुठलं?”

“गगनबावडा. भाऊ असतो तिथं. का?”

“काही नाही. सूर्य मावळायच्या आत मला घरी जेवायचंय, जरा जोरात घ्यायला सांग.”

मला वाटलं, सोवळ्यातल्या बाईपुढं खरवस धरला म्हणून रागावल्या. घरी ऋतुराजनं बोटं चाटत खाल्ला. मला त्यात गोडाशिवाय काही दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थीची तारीख होती. कोर्टाच्या एका लहान खोलीत लांबट टेबल. एका बाजूला विश्वजित आणि त्याचे वकील, शेजारी त्याच्या बाजूनं बोलायला आणलेल्या आत्ती. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी.

अंजनाताईंनी आधी आत्तींकडं पाहिलं. “चिमणाबाई, तुम्ही सांगता की मी सांगू?”

आत्तींनी मान खाली घातली. “तुमी सांगा. मला कोर्टातलं बोलाय येत न्हाई.”

“हरणी मेलेली नाही,” अंजनाताई म्हणाल्या. विश्वजित उठायला लागला, त्याच्या वकिलांनी त्याला बसवलं.

“ती त्या उसात पुरली म्हणतात. उसाची लागण गेल्या वर्षीची, म्हैस मेली यंदाच्या जूनमध्ये. म्हशीएवढा खड्डा काढला असता तर सऱ्या मोडल्या असत्या. एकही सरी मोडलेली नाही. म्हणजे पुरल्याची गोष्ट खोटी. मग बिल्ला. मेलेल्या जनावराचा कान दुखत नाही, त्याचा बिल्ला कुणी इतका जपून कापत नाही. तो जिवंत म्हशीच्या कानातनं काढला, आणि काढणाऱ्याची त्या म्हशीवर माया होती. विश्वजितराव स्वतःच म्हणाले, बिल्ला आईनं काढला.”

विश्वजितनं वळून आईकडं पाहिलं.

“तरी मला खात्री नव्हती. खात्री झाली ती खरवसानं. तुम्ही सगळे तो आवडीनं खाता, म्हणून तुम्हाला त्यात गोड पदार्थ दिसला. आमच्या घरात तो वर्ज्य, म्हणून मला त्यात दिवस दिसले. चीक म्हैस व्याल्यावर पहिले थोडेच दिवस निघतो. गोठ्यात एक भाकड, दुसरी आटत आलेली, हे विश्वजितरावांनी कमिशनरांपुढं सांगितलं. शेजारी देतात तो तांब्याभर. इथं डबा भरून होता, आणि चिमणाबाई म्हणाल्या, घरचाच हाय. त्या घरची गणपतीच्या सुमाराला विणारी म्हैस एकच.”

माझा हात तोंडावर गेला.

“आता कुठं? स्नेहलताई म्हणाल्या, आई सारखी माहेरला असते. गगनबावड्याची माती तांबडी, तुमच्या अंगणातली काळी. चपलांना तांबडी होती.”

“खोटं हाय सगळं,” विश्वजित ओरडला. “म्हस म्या इकली. येपाऱ्याला. पैसं आईनं मला मोजून दिलं.”

त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. बोलायचं नव्हतं ते तो बोलून बसला होता. मेलेली म्हैस विकता येत नाही.

“दिले खरे,” अंजनाताई शांतपणे म्हणाल्या. “पण व्यापारी आलाच नव्हता. चिमणाबाई, हातातल्या पाटल्या कुठं आहेत?”

आत्तींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोकळी मनगटं.

“व्हय. मीच मोडल्या. मीच भावाचा टेंपो आणून हरणीला न्हेलं,” त्या विश्वजितकडं बघून म्हणाल्या. “माझ्या बापानं दिल्याली म्हस तुझ्या बापानं इकली. तवा मला कुणी इचारलं न्हाई. हिला म्या पयल्याच वर्साला सांगितलं व्हतं, दूध तुझ्या नावानं घाल. हिनं ऐकलं न्हाई. मग म्या काय करायचं?”

“आन खरवस कशाला धाडायचा?” विश्वजितचा आवाज फुटला.

“पोराच्या घरची म्हस याली,” आत्ती म्हणाल्या. “आन पोराला खरवस न्हाई?”

त्यापुढं फार वेळ लागला नाही. शपथेवर काय लिहून दिलंय आणि आत्ता तोंडानं काय कबूल केलंय, हे त्याच्याच वकिलांनी त्याला बाहेर नेऊन समजावलं. आत येऊन त्यानं ताब्याचा अर्ज मागं घेतला. ऋतुराज माझ्याकडं राहील, एक रविवार सोडून एक रविवार वडिलांना भेटेल, तेही कोल्हापुरातच. हरणी आणि तिची रेडी माझी. घर आणि रान त्याचं. कागदावर सह्या झाल्या तेव्हा अंजनाताईंनी घड्याळ पाहिलं. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

मी आत्तींना म्हटलं, आमच्याबरोबर चला. त्या म्हणाल्या, “माझं घर हाय त्ये. म्या का सोडू?” आणि मुलाच्या मागं मोटारसायकलवर बसून गेल्या. त्या नीट बसायच्या आतच त्यानं गाडी सोडली होती.

हरणी आता आण्णांच्या गोठ्यात आहे. दूध डेअरीत माझ्या नावानं जातं. रेडी उड्या मारते आणि ऋतुराज तिच्या मागं. माझं सगळं नीट चाललंय. पण आत्तींचा फोन बंद लागतो, आणि त्या घरात पाऊल टाकायचा हक्क मी त्या दिवशी सही करून सोडला आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाताना नदीकाठी डेअरी लागते, तिच्या पलीकडं निळ्या दाराचं घर. थांबा. पाणी मागा. “पावणं, च्या घ्या की,” असं आत्ती आतून म्हणतील, तर चहा घ्या, घाई करू नका. आवाज बघा, हात बघा, जेवलात का विचारा. आणि म्हणावं, पितळी डबा संयोगितानं धुऊन ठेवलाय, रिकामा परत करणार नाही.