शेवटी येईल त्याने

मोबाइल खिशात ठेवा, आणि मध्येच कुणी खी खी करायचं नाही. भुताखेतांवर माझाही विश्वास नाही. पण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून बसायचा, आणि मागे जे राहिलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

माझं झेरॉक्सचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी फोटोंना फ्रेम करून देणारा एक जण होता. सगळे त्याला फ्रेमवालाच म्हणायचे. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी, तो एक कागद घेऊन माझ्याकडे आला.

"दोन प्रती काढ. विम्याच्या ऑफिसात द्यायच्यात."

पोलिसांचा रिपोर्ट होता. तीन महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा ज्यात गेला, त्या अपघाताचा.

पोरगं गोड होतं हो. आई लहानपणीच गेलेली. बापलेक दोघंच घरात. त्या माउलीने एक नियम घालून दिला होता, तो दोघं पाळायचे. घरातलं कुणी बाहेर असेल तोवर दाराबाहेरचा दिवा चालू ठेवायचा. शेवटी येईल त्याने तो बंद करायचा.

अपघाताच्या दिवशी काय झालं, तर दुकानात खिळा ठोकताना पोराचा हातोडा अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं आणि हातोडा सुटून गिऱ्हाइकाची मोठी काच फुटली. फ्रेमवाल्याचं डोकं म्हणजे भडकलेला स्टोव्ह. "चालता हो, तोंड दाखवू नकोस," असं चारचौघांत म्हणाला. पोरगं स्कूटर घेऊन गेलं. रात्री गावाबाहेरच्या वळणावर ट्रकने त्याला उडवलं.

मी प्रती काढत होतो आणि तो माझ्यामागे उभा राहून तोच प्रश्न विचारत होता. तीन महिने सगळ्यांना विचारत होता. हवालदाराला, वकिलाला, विमावाल्याला.

"तो मला सोडून चालला होता का रे? एवढंच सांग."

रिपोर्टात लिहिलेलं होतं की स्कूटर रस्त्याच्या कडेला स्टँडवर उभी होती, इंजिन बंद होतं, मुलगा शेजारी उभा होता. सोबत हाताने काढलेला नकाशा होता. स्कूटरचं तोंड कुठे, ते बाणाने दाखवलेलं. पण ते वळण नागमोडी. कागद सुलटा धरा की उलटा धरा, वळण तसंच दिसायचं. उत्तर दिशेची खूण नेमकी शिक्क्याखाली गेलेली. आणि आमच्या फ्रेमवाल्याची सवय अशी, की हातात कागद आला की आधी त्याची वरची बाजू ठरवायची आणि मागे पेन्सिलने खूण करायची. म्हणजे फ्रेम उलटी बसत नाही. या कागदावरही त्याने पहिल्याच दिवशी खूण करून टाकली होती. त्याने धरला तसा धरला, तर बाण घरापासून लांब जात होता.

"बघ, गेलाच तो," म्हणाला. "वाटेत थांबून कुणा मित्राला फोन करत असेल, झोपायला जागा आहे का म्हणून."

माझी अक्कल प्रती काढण्यापुरती. म्हटलं, जाऊ दे, जेवून घे. तर म्हणतो, "आज रात्री त्याच वेळेला तिथे जाऊन उभा राहतो. त्याने काय पाहिलं ते पाहिल्याशिवाय मला हे कळायचं नाही."

पावणेबाराला निघाला. घराला कुलूप लावलं, बाहेरचा दिवा चालूच. पोर गेल्यापासून त्याने तो दिवा बंदच केला नव्हता. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून बटणावर टेपसुद्धा चिकटवला होता, फ्रेमच्या पाठीला लावतात तो खाकी टेप.

त्या रात्री चंद्र नव्हता. चालत गेला. वळणावर पोचला. अपघातात फुटलेल्या काचेचा चुरा अजून कडेला चमकत होता. त्याने टॉर्च लावली, कागद उघडला. बघत राहिला.

गाडी नाही. माणूस नाही. कुत्रंही नाही.

मग बाजूने आवाज आला. हळू.

"असा नाही... फिरवा."

त्याला वाटलं, कुणी वाटसरू. मान वर केली नाही. म्हणाला, "कसा फिरवू?"

टॉर्चच्या उजेडात एक हात आला. कागदाचा कोपरा धरला. सावकाश... अर्धा फेर फिरवला.

बाण आता घराकडे होता.

आणि कागदावर जो अंगठा होता... त्याचं नख काळंनिळं होतं.

फ्रेमवाल्याला वर बघायची हिंमत होईना. शेवटी पाहिलं.

कुणी नव्हतं.

मग त्याची नजर बाणाच्या दिशेने गेली. त्या वळणावरून पहिल्यांदा आपलं घर दिसतं, हे त्याला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. अंधारात एकच ठिपका. बाहेरचा दिवा.

आणि त्याला आठवलं.

त्या रात्री... रागाच्या भरात... त्याने तो दिवा बंद केला होता.

पोरगं घरी येत होतं. वळणावर आलं. पाहिलं. दिवा नाही. म्हणून स्कूटर थांबवली, स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं. जावं की नको... असा उभा राहिला असेल. तेवढ्यात मागून ट्रक.

तिथेच मातीत बसून फ्रेमवाला रडला. नंतर हे सगळं सांगताना मला म्हणाला, "पोराला अंधारात उभं केलं रे मी."

मग उठला. मागे न बघता एवढंच म्हणाला, "चल घरी."

सगळी वाट तो एकटाच चालला. मागे पावलं वाजली नाहीत. घर आलं. कुलूप काढलं. आत गेला. दार लावलं नाही. उघडंच ठेवलं. खुर्चीत बसला, दाराकडे पाठ करून.

बसला...

बसला...

खट्.

अंगणात अंधार.

सकाळी त्याने मला बोलावून नेलं. भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं. टेप होता तसाच होता. सुरकुती नाही, कोपरा उचकटलेला नाही, वर तीन महिन्यांची धूळ. मी स्वतः नखाने सोडवला, पोरांनो, या हाताने.

खाली बटण बंद होतं.

मी ते पुन्हा चालू करायला गेलो, तर त्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाला. "आता कुणी यायचं राहिलेलं नाही."